पॅकेजच्या पोटात काय काय आहे?

आयटीतल्या नोकरीत हा प्रसंग कधी ना कधी वाट्याला येतोच. टीममधला जुना माणूस पवईच्या ऑफिसातून पुण्याला बदली घेतो, किंवा नोकरीच सोडतो, आणि त्याने काही वर्षांत पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत रचलेलं पॅकेज तुमच्या गळ्यात पडतं. टिपणं नाहीत. असली तरी जुन्या आवृत्तीची. मॅनेजर जाता जाता सांगतो, "यात काय काय फंक्शन्स आहेत त्याची एक यादी करून ठेव ना संध्याकाळपर्यंत."

काम किरकोळ वाटतं, पण त्या वाक्यात एक नाही, तीन याद्या आहेत. फायलींमध्ये प्रत्यक्ष लिहिलेलं काय आहे, ही पहिली. पॅकेज चालू केल्यावर मेमरीत कोणती नावं उभी राहतात, ही दुसरी. आणि लिहिणाऱ्याने 'हे वापरा' म्हणून तुमच्यासमोर ठेवलेलं काय, ही तिसरी. या तिन्ही याद्या सहसा जुळत नाहीत. यादीचा कोड इंटरनेटवरून उचलून चिकटवणारे बहुतेक जण फसतात ते इथेच. कोड बरोबर असतो, पण तो भलत्याच यादीचा असतो.

आधी शब्द पक्के करू. समजा, 'लोकल' नावाचा एक फोल्डर आहे आणि त्यात 'स्थानके', 'भाडे' आणि 'वेळापत्रक' अशा तीन फायली आहेत. प्रत्येक फाइल म्हणजे एक मॉड्यूल, आणि पूर्ण फोल्डर म्हणजे पॅकेज. भाडे या फाइलमध्ये 'तिकीट_दर' नावाचं फंक्शन आहे. दोन स्थानकं दिली की ते पैसे सांगतं. वेळापत्रकात 'गाडी' नावाचा क्लास, म्हणजे गाड्यांचा साचा, आहे आणि त्याच्या आत 'थांबे' आणि 'पुढचे_स्थानक' ही दोन फंक्शन्स आहेत. क्लासच्या आत राहणाऱ्या फंक्शनला मेथड म्हणतात, कारण ते हवेत काम करत नाही, एका ठरावीक गाडीबद्दल बोलतं. चर्चगेटहून सुटणारी विरार फास्ट ही गाडी क्लासची एक वस्तू आणि बोरिवली स्लो ही दुसरी. दोघींना 'थांबे' विचारलं तर मेथड एकच, उत्तरं मात्र वेगळी.

जाता जाता, ही नावं मी केवळ लेखासाठी देवनागरीत लिहिलेली नाहीत. 2008 साली आलेल्या पायथॉन 3 पासून फंक्शनचं, क्लासचं, व्हेरिएबलचं नाव देवनागरीत ठेवता येतं आणि ते खरोखर चालतं. भाषेचे राखीव शब्द तेवढे रोमन राहतात. ऑफिसात असं कुणी करत नाही हा भाग वेगळा. या लेखातल्या आज्ञाही देवनागरीत दिल्या आहेत, त्या मात्र टाइप करताना रोमन लिपीतच करायच्या.

पहिलं हत्यार : डिर

पायथॉनमध्ये 'डिर' नावाचं तयार फंक्शन आहे. कंसात मॉड्यूलचं नाव दिलं की त्यातल्या नावांची यादी मिळते. सरावाला 'जेसन' हे पॅकेज उत्तम. ते पायथॉनबरोबरच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही, आणि आकाराने लहान आहे. ते इम्पोर्ट करून, म्हणजे आपल्या कोडमध्ये बोलावून, डिर चालवा.

जी यादी येते तिचा क्रम पाहून नवशिक्या बुचकळ्यात पडतो. आधी 'जेसनडीकोडर', 'जेसनएन्कोडर' अशी मोठ्या अक्षरांची नावं. मग दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर (_) असलेल्या नावांची रांग. शेवटी 'डम्प', 'डम्प्स', 'लोड', 'लोड्स' ही रोजच्या वापरातली नावं. डिर नावं अक्षरांच्या अंतर्गत क्रमांकानुसार लावतं. त्यात रोमन मोठी अक्षरं पहिली येतात, मग अंडरस्कोअर, मग लहान अक्षरं. पायथॉनमध्ये क्लासचं नाव मोठ्या अक्षराने आणि फंक्शनचं लहान अक्षराने सुरू करायची प्रथा आहे. त्यामुळे योगायोगाने वर क्लास, मध्ये यंत्रणेचा पसारा आणि खाली फंक्शन्स अशी विभागणी होते. यादी खालून वर वाचायची सवय लावून घेतली तर बरंच काही पटकन सापडतं. आपल्या लोकल पॅकेजमधली देवनागरी नावं या सगळ्यांच्याही खाली जातील.

मधल्या त्या नावांना 'डंडर' म्हणतात, दुहेरी अंडरस्कोअरचं हे लाडकं रूप. ती पायथॉनने स्वतःसाठी ठेवलेली असतात : मॉड्यूलचं नाव, फाइलचा पत्ता, माहितीचा मजकूर वगैरे. यादीतून ती गाळली तरी चालतं. नावाच्या सुरुवातीला एकच अंडरस्कोअर असेल तर लिहिणारा म्हणतोय, 'हे माझं घरातलं आहे, बाहेरच्यांनी हात लावू नये.' पायथॉन हात लावण्यापासून अडवत नाही, ती फक्त लिहिणाऱ्याची सूचना असते.

आता त्याच यादीत 'कोडेक्स' असंही एक नाव दिसेल. ते जेसनचं नाहीच. जेसनच्या मुख्य फाइलने स्वतःच्या कामासाठी ते दुसरं मॉड्यूल आत बोलावलं आहे, म्हणून त्याचं नाव इथे दिसतं. शिवाय 'डिटेक्ट_एन्कोडिंग' नावाचं फंक्शन आहे. ते जेसनचंच आहे आणि चालतंही, पण अधिकृत माहितीत त्याचा उल्लेख सापडत नाही.

सोसायटीच्या तळमजल्यावर सभासदांच्या नावांची पाटी असते. लिफ्टमध्ये भेटणारी माणसं त्या पाटीपेक्षा कितीतरी जास्त असतात : भाडेकरू, पाहुणे, कुरिअरवाले, गावाहून आलेले काका. डिर तुम्हाला लिफ्टमधली माणसं दाखवतं. पाटी हवी असेल तर 'डंडर ऑल' बघायचं.

डंडर ऑल ही मॉड्यूलमध्ये लिहिणाऱ्याने हाताने मांडलेली नावांची यादी असते. एखादं मॉड्यूल तारांकन लावून सरसकट इम्पोर्ट केलं तर याच यादीतली नावं आत येतात. ही यादी नसेल, तर अंडरस्कोअरने सुरू न होणारी सगळी नावं येतात. जेसनच्या डंडर ऑलमध्ये फक्त 7 नावं आहेत : चार फंक्शन्स आणि तीन क्लास. कोडेक्स नाही, डिटेक्ट_एन्कोडिंग नाही. पुढच्या आवृत्तीत डिटेक्ट_एन्कोडिंग गायब झालं तर तक्रारीला जागा नाही, कारण ते पाटीवर कधी नव्हतंच. माझ्या मते कुठल्याही पॅकेजची ओळख करून घेताना सुरुवात या यादीपासून करावी. ती लिहिणाऱ्याने डोकं लावून केलेली असते, बाकीच्या याद्या यंत्राने केलेल्या असतात. अडचण एकच : कंपनीच्या आतल्या पॅकेजमध्ये डंडर ऑल लिहिण्याचे कष्ट क्वचितच कुणी घेतलेले असतात.

कोण फंक्शन, कोण क्लास

डिर फक्त नावं देतं. त्यातलं फंक्शन कुठलं आणि क्लास कुठला हे सांगत नाही. त्यासाठी 'इन्स्पेक्ट' हे मॉड्यूल आहे. त्यातलं 'गेटमेंबर्स' हे फंक्शन नाव आणि वस्तू अशा जोड्या देतं, आणि सोबत चाळणीही घेतं. 'इजफंक्शन' ही चाळणी लावून जेसन दिलं की डम्प, डम्प्स, लोड, लोड्स आणि ते बिनपाटीचं डिटेक्ट_एन्कोडिंग मिळतं. 'इजक्लास' लावलं की तीन क्लास मिळतात. इथपर्यंत सगळं छान.

आता हेच 'मॅथ' मॉड्यूलवर करून बघा. वर्गमूळ, साइन, कोसाइन सगळं त्यात आहे हे आपल्याला माहीत असतं. पण इजफंक्शनची चाळणी लावली की रिकामी यादी हातात येते! डोंबिवलीच्या एका मुलाने मला थेट विचारलं होतं, "सर, पायथॉन बिघडलंय का?" बिघडलेलं काही नव्हतं. नेहमीच्या पायथॉनमध्ये मॅथ हे सी भाषेत लिहिलेलं आहे, आणि इजफंक्शन ही चाळणी फक्त पायथॉनमध्ये लिहिलेली फंक्शन्स पास करते. सीमधून आलेल्यांना 'बिल्टइन' म्हणतात आणि त्यांची चाळणी वेगळी. दोन्ही प्रकार एकत्र हवे असतील तर 'इजरूटीन' वापरायचं. नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजमध्ये आणखी एक पायरी आहे. तिथलं साइन हे फंक्शन नसून 'यूफंक' नावाच्या क्लासची वस्तू आहे, पण कंस लावला की चालतं. अशा वेळी 'कॉलेबल' ही सगळ्यात ढिली कसोटी वापरावी लागते. मग त्यात क्लासही येतात, आणि ते पुन्हा वेगळे काढावे लागतात.

मेथडच्या बाबतीत याहून मोठा खड्डा आहे. जेसनडीकोडर क्लासवर 'इजमेथड' ही चाळणी लावा. नाव बघता हीच लावावीशी वाटते. पण हाती काहीच येत नाही. पायथॉन 3 मध्ये क्लासकडून थेट मागितलेली मेथड हे साधं फंक्शनच असतं. ती एखाद्या वस्तूला जोडली गेली की मगच तिला मेथड मानलं जातं. आपल्या उदाहरणात, गाडी या क्लासकडे 'थांबे' मागितलं तर ते फंक्शन. विरार फास्टकडे मागितलं तर मेथड. म्हणून क्लासच्या मेथडची यादी हवी असेल तर क्लासवर इजफंक्शनच लावायचं. हे एकदा कळलं की सरळ वाटतं, पण कळेपर्यंत संध्याकाळ जाते.

वारसाहक्काचा मुद्दाही इथेच येतो. डिर क्लासच्या आईवडिलांकडून आलेल्या मेथडही दाखवतं. फक्त त्या क्लासमध्ये स्वतः लिहिलेल्या हव्या असतील तर 'व्हार्स' हे फंक्शन वापरायचं. जेसनडीकोडरवर ते चालवलं तर सुरुवातीची मांडामांड करणारी डंडर मेथड, 'डीकोड' आणि 'रॉ_डीकोड' एवढ्या तीनच मेथड खऱ्या कामाच्या निघतात, बाकी यंत्रणेची नावं. पण त्या क्लासची एक वस्तू तयार करून तिला डिर लावलं, की 'स्कॅन_वन्स' असं आणखी एक चालवता येण्याजोगं नाव उगवतं. ते क्लासवर नसतं, वस्तू जन्माला येताना तिला चिकटवलं जातं. विशेष म्हणजे रॉ_डीकोडचं खरं काम तेच करतं.

पाहुणे कसे ओळखायचे, हा प्रश्न उरतो. समजा, आपल्या वेळापत्रक फाइलने वेळेसाठी 'डेटटाइम' हा क्लास बाहेरून आणला आहे. इजक्लास तोही आपलाच म्हणून दाखवेल. प्रत्येक फंक्शन आणि क्लास आपलं मूळ मॉड्यूल 'डंडर मॉड्यूल' या नावाखाली सोबत बाळगतो. ते तपासलं की गावाहून आलेले काका ओळखता येतात. पण इथे काटेकोरपणा जास्त झाला तर घरचीच माणसं बाहेर जातात. जेसनडीकोडरचं मूळ 'जेसन डॉट डीकोडर' असं येतं, नुसतं 'जेसन' नाही. 'नाव तंतोतंत जुळलं पाहिजे' अशी अट घातली तर तिन्ही क्लास यादीतून उडतात. 'जेसनने सुरू होणारं' अशी अट घातली तर जेसनस्कीमासारखं भलतंच पॅकेजही आत येऊ शकतं. म्हणून अट अशी घालायची : नाव तंतोतंत 'जेसन' असलं पाहिजे, किंवा 'जेसन' आणि लगेच टिंब अशी त्याची सुरुवात झाली पाहिजे. इतकं करूनही लिनक्सवर 'ओएस' मॉड्यूलमधलं 'गेटसीडब्ल्यूडी' आपलं मूळ 'पॉझिक्स' सांगतं आणि विंडोजवर 'एनटी' सांगतं. अशा बाबतीत पाटीवर, म्हणजे डंडर ऑलवर विश्वास ठेवावा.

बंद खोल्या

पॅकेज मोठं असेल तर दुसरा घोळ होतो. 'एक्सएमएल' हे पॅकेज इम्पोर्ट करून डिर चालवा. डंडर नावं सोडली तर हाताला काही लागत नाही. आत 'डॉम', 'सॅक्स', 'पार्सर्स', 'ईट्री' अशी चार उपपॅकेजेस आहेत, पण पायथॉन ती मागितल्याशिवाय उघडत नाही. डिरला फक्त उघडलेल्या खोल्या दिसतात. जेसनमध्ये डीकोडर आणि एन्कोडर आपोआप दिसतात, कारण मुख्य फाइलने त्यांना स्वतः बोलावलेलं असतं. त्याच फोल्डरमधलं 'टूल' हे मॉड्यूल मात्र डिरमध्ये दिसत नाही.

सगळ्या खोल्यांची यादी हवी असेल तर 'पीकेजी-युटिल' मॉड्यूलमधलं 'आयटर_मॉड्यूल्स' पॅकेजचा पत्ता घेऊन एका मजल्यावरची मॉड्यूल्स सांगतं. 'वॉक_पॅकेजेस' सगळे मजले उतरतं, पण उतरण्यासाठी वाटेतली उपपॅकेजेस त्याला इम्पोर्ट करावी लागतात. आणि इम्पोर्ट हे नुसतं पाहणं नव्हे, फाइल वरपासून खालपर्यंत चालवणं आहे. पायथॉनबरोबर येणारं 'धिस' हे मॉड्यूल इम्पोर्ट केलं की टिम पीटर्स यांची पायथॉनविषयीची सूत्रं पडद्यावर उमटतात. 'अँटिग्रॅव्हिटी' इम्पोर्ट केलं की ब्राउझर उघडून एक व्यंगचित्र येतं. ही गंमत झाली. पण तुमच्या गळ्यात पडलेल्या पॅकेजमधल्या एखाद्या फाइलने वरच्याच ओळीत डेटाबेसशी जोडणी उघडली असेल, किंवा मेल पाठवायची स्क्रिप्ट 'फाइल थेट चालवली तरच चाल' या संरक्षक अटीशिवाय लिहिली असेल, तर यादी करायला गेलेला माणूस ग्राहकांना मेल पाठवून बसेल.

म्हणून अनोळखी पॅकेजवर मी आधी इम्पोर्ट न करता काम करतो. 'एएसटी' मॉड्यूल फाइलचा मजकूर वाचतं, त्याची रचना झाडासारखी मांडतं आणि एकही ओळ चालवत नाही. त्या झाडाच्या पहिल्या फांद्यांवर फंक्शनच्या व्याख्या, असिंक फंक्शनच्या व्याख्या आणि क्लासच्या व्याख्या ओळ क्रमांकासकट सापडतात. क्लासच्या फांदीत शिरलं की मेथड सापडतात. यात 'वॉक' वापरण्याचा मोह टाळावा. ते झाड सरसकट पालथं घालतं, मेथड, आतली फंक्शन्स आणि बाहेरची फंक्शन्स एकाच ढिगात टाकतं, आणि क्रमाची हमीही देत नाही. हे लिहायचा कंटाळा असेल तर 'पाय-सीएलबीआर' नावाचं छोटं मॉड्यूल पायथॉनबरोबरच येतं. तेही मूळ फाइल न चालवता क्लास आणि फंक्शन्स काढून देतं.

या पद्धतीच्याही मर्यादा आहेत. सीमध्ये लिहून संकलित केलेल्या फायलींचा मजकूर पायथॉनचा नसतो, तिथे एएसटी आंधळं. आणि चालताना जन्माला येणारी नावं मजकुरात नसतात. वेबसाइट बनवण्याच्या जँगो या पॅकेजमध्ये मॉडेलचा (म्हणजे डेटाबेसच्या तक्त्याचा) क्लास लिहिताना 'ऑब्जेक्ट्स' असं सहसा कुणी टाइप करत नाही, तरी मॉडेलला ते आपोआप मिळतं. ते डिरमध्ये दिसेल, फाइलमध्ये नाही. उलट टोकाला पायथॉनच्या एक्सएमएल-आरपीसीमधली, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरची फंक्शन्स बोलावण्याच्या सोयीतली, 'सर्व्हरप्रॉक्सी' आहे. तिच्यावर मनाला येईल ते मेथडचं नाव लिहा, ती विनंती पलीकडच्या सर्व्हरकडे पाठवेल. अशा वस्तूच्या मेथडची यादी इकडच्या बाजूने करताच येत नाही. शिवाय पायथॉन 3.7 पासून मॉड्यूललाही स्वतःचं डिर लिहून देता येतं. म्हणजे डिर काय दाखवेल हेसुद्धा लिहिणाऱ्याच्या मर्जीवर.

मग मॅनेजरला द्यायची यादी कशी करावी? फोल्डरमधल्या सगळ्या फायली एएसटीने वाचून नावं आणि ओळ क्रमांक काढावेत. सुरुवातीचा एक अंडरस्कोअर असलेली नावं वेगळ्या रकान्यात टाकावीत. मग पॅकेज सुरक्षित आहे अशी खात्री झाल्यावर, शक्यतो चाचणीच्या यंत्रावर, ते इम्पोर्ट करून इन्स्पेक्टमधल्या 'सिग्नेचर'ने प्रत्येक फंक्शन काय काय घेतं ते जोडावं आणि माहितीच्या मजकुराची पहिली ओळ शेजारी टाकावी. सीमधल्या काही फंक्शन्सना सिग्नेचर सापडत नाही आणि एरर येते. तिथे रकाना कोरा ठेवायचा. घाई असेल आणि पॅकेज ओळखीचं असेल तर टर्मिनलमधून 'पायडॉक' हे माहिती दाखवणारं साधन चालवलं तरी भागतं. वाचायला ते डिरपेक्षा किती तरी बरं.

दुसऱ्या भाषांमध्ये हे काम कमी-जास्त सोपं आहे. जावात 'जावापी' हे साधन संकलित क्लास फाइल उघडून मेथड दाखवतं, मूळ कोड लागतच नाही. आर भाषेत पॅकेज लोड करून 'पॅकेज:' पुढे त्याचं नाव जोडून ते 'एलएस'ला दिलं की बाहेर मांडलेलं सगळं दिसतं. गो भाषेत नाव मोठ्या अक्षराने सुरू झालं तरच ते पॅकेजबाहेर दिसतं, त्यामुळे पाटी आणि कोड यात फरक पडायला जागाच राहत नाही. मला ही सोय आवडते, पण देवनागरी नावांना त्यात मोठं अक्षर कुठून आणायचं!

यादी करायला बसण्याआधी एक फसवी गोष्ट तपासून घ्यावी. पिप या पॅकेज बसवणाऱ्या साधनाला जे नाव देतो, तेच इम्पोर्टचं नाव असेल असं नाही. पिलो बसवायचं आणि 'पीआयएल' इम्पोर्ट करायचं. सायकिट-लर्न बसवायचं आणि 'एसकेलर्न' इम्पोर्ट करायचं. कुठल्या इम्पोर्टमागे कुठलं वितरण (म्हणजे पिपने बसवलेलं नाव) आहे याचा तक्ता पायथॉन 3.10 पासून 'इम्पोर्टलिब डॉट मेटाडेटा'मधलं 'पॅकेजेस_डिस्ट्रिब्युशन्स' देतं.

आणि यादी झाली की ती मजकूर फाइलमध्ये पॅकेजच्या आवृत्तीचा क्रमांक टाकून साठवावी. पुढची आवृत्ती आली की पुन्हा तीच स्क्रिप्ट चालवायची, दोन्ही याद्या सेट (संच) म्हणून घ्यायच्या आणि जुन्यातून नवी वजा करायची. उरतील ती काढून टाकलेली नावं. पायथॉन 3.12 मध्ये 'डिस्टयुटिल्स' आणि 'इम्प' ही दोन जुनी मॉड्यूल्स काढली गेली तेव्हा ती वापरणारे बरेच जुने प्रकल्प अडले. तुमच्या पॅकेजमध्ये अशी नावं कुठे वापरली आहेत हे शोधायलाही तोच एएसटी कामी येतो. फक्त या वेळी व्याख्यांऐवजी इम्पोर्टच्या ओळी गोळा करायच्या, आणि तेव्हा मात्र 'वॉक' बेधडक वापरावं, कारण इम्पोर्ट फंक्शनच्या आतही लपलेला असू शकतो.